छर्रा फिरला

आमच्या दुकानात मोटार गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी तिची परीक्षा छर्रा घेतो. जुन्या बेअरिंगमधून निघालेला, बोराएवढा पोलादी छर्रा. नवीन वाइंडिंग भरलेला स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा पोकळ भाग, टेबलावर आडवा ठेवायचा, तीन फेजची लाइन कमी व्होल्टेजवर द्यायची आणि छर्रा आत सोडायचा. कॉइली बरोबर जोडल्या असतील तर छर्रा आतल्या भिंतीला चिकटून गरागरा धावतो, बोरी नदीच्या पात्रातल्या यात्रेत मौत के कुएमधली फटफटी धावते तसा. एखादी कॉइल उलटी पडली असेल तर अडखळतो, नाहीतर एका जागी थरथरत बसतो.

पाचवीत असताना मी आप्पांना विचारलं होतं, याला ढकलतंय कोण? आप्पा म्हणाले, "फिल्ड." पुढे काही नाही. गिऱ्हाईक उभं होतं.

अमळनेरला आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी गेली चार वर्षं मुंबईत पीएचडी करतेय आणि तिथं एका हिऱ्याच्या तुकड्यानं त्याच फिल्डची, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची, चित्रं काढते. घरी हे सांगायचा प्रयत्न मी दर दिवाळीला केला आणि दर दिवाळीला फसले. माय शेजारणींना सांगते, "पोरगी हिऱ्यांचं काम करते." त्यावर शेजारणी माझ्या गळ्याकडे बघतात.

यंदा अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) जाताना मी तुकडाच सोबत घेतला. चांगला नव्हे, कोपरा फुटल्यामुळे कामातून गेलेला. हरभऱ्याच्या डाळीच्या निम्मा, रंगानं फिकट जांभळट गुलाबी. एक हिरवा लेझर पॉइंटर आणि लाल काचेचा एक फिल्टर, बस. बाकीचं सामान आणणं शक्यच नव्हतं, ते अख्खं टेबल आहे.

संध्याकाळी लाइट गेली. वैशाखात ती जातेच, आणि या वेळी मला ती जायलाच हवी होती. ओट्यावर पाटावर तुकडा ठेवला, लेझर लावला आणि मायला फिल्टरमधून बघायला सांगितलं. हिरवं सगळं अडलं आणि पाटावर एक लाल ठिणगी राहिली. निखारा नाही, कारण गरम नाही. मायनं बोट लावून बघितलंच.

आप्पांनी फिल्टर डोळ्यावरून काढला, परत लावला, परत काढला. "हिरवं टाकं, लाल निंघनं," म्हणाले. मग थेट मुद्द्यावर: "मंग फिल्ड कोठे शे?"

फिल्ड दिसत नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. छर्रा दिसतो. मिक्सरचं आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, ग्राउलर नावाच्या विजेच्या चुंबकावर ठेवून खाचांवरून एक्सॉ ब्लेड फिरवतात, आणि ज्या खाचेत कॉइल शॉर्ट असेल तिथं ब्लेड भिर्रर्र वाजतं, ते ऐकू येतं. शाळेत कागदावर लोखंडाचा कीस भुरभुरवला की त्याच्या रेषा दिसतात. फिल्ड बघायचं म्हणजे दरवेळी त्यात काहीतरी लहान नेऊन बसवायचं आणि त्या लहानाचं काय होतं ते बघायचं. माझा छर्रा अणूएवढा आहे, इतकंच.

हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची शिस्तीतली रचना. तिच्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन बसला आणि त्याला लागून असलेली जागा रिकामी राहिली की त्या जोडीला एनव्ही सेंटर म्हणतात. या पोकळीत काही इलेक्ट्रॉन अडकून बसतात, आणि त्यांचं मिळून एक चुंबक होतं. त्याच्या तीन अवस्था असतात: शून्य, अधिक एक, उणे एक. ते शून्यात असलं तर लाल प्रकाश भरपूर. बाकी दोन्हींत कमी. का, ते आप्पांना मी गाडीच्या भाषेत सांगितलं, आणि आजवर मी दिलेल्या सगळ्या प्रेझेंटेशनांपेक्षा ते बरं जमलं.

मनमाडहून जळगावकडे निघालेली गाडी धरा. हिरवा प्रकाश प्रवाशांना मनमाडला गाडीत चढवतो. जळगावला जो उतरेल तो लाल प्रकाशाचा एक कण देणार. शून्यवाले बहुतेक सगळे थेट जळगावला पोहोचतात. अधिक-उणे एकवाल्यांतले बरेच जण चाळीसगावला उतरून धुळ्याची गाडी धरतात. तेवढा लाल प्रकाश बुडाला. आणि धुळ्याच्या फाट्यावरून फिरून परत येणारे बहुतेक जण शून्य होऊन येतात! म्हणून नुसता हिरवा प्रकाश टाकत राहिलं तरी हळूहळू सगळे शून्यात गोळा होतात. प्रश्न विचारायची तयारीही लेझर करतो आणि उत्तरही त्याच्यामुळेच दिसतं. त्यासाठी ना खोल थंडी लागते, ना निर्वात पोकळी. खोलीच्या तापमानाला, ओट्यावरसुद्धा हे घडतं, आणि या हिऱ्याचं मोठेपण मुख्यतः यात आहे.

आता शून्यातल्यांना मुद्दाम अधिक-उणे एकात ढकलायचं. त्याला मायक्रोवेव्ह लागते, २.८७ गिगाहर्ट्झची. घरातलं वायफाय २.४ वर चालतं, म्हणजे शेजारघरच. फ्रिक्वेन्सी सरकवत न्यायची आणि लाल प्रकाशावर नजर ठेवायची. २.८७ आलं की प्रकाश किंचित कमी होतो, आलेखात तिथं एक घळ दिसते. माझ्या हिऱ्यात शंभरातले एक-दोन टक्के, फार नाही. हिऱ्यावर बाहेरचं चुंबकीय क्षेत्र असेल तर ही एक घळ दुभंगते, एक खाली सरकते, एक वर. दर मिलिटेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) प्रत्येकी २८ मेगाहर्ट्झ. दोघींमधलं अंतर मोजलं की क्षेत्र कळलं.

"म्हंजे रेडिओनं टेशन धुंडानं," आप्पा म्हणाले.

बरोबर तेच. फक्त इथं स्टेशन लागलं की आवाज वाढायच्या ऐवजी उजेड कमी होतो.

मायक्रोवेव्ह हिऱ्यापर्यंत पोहोचवायला तारेचं एक छोटं वेटोळं लागतं. माझ्या पहिल्या वेटोळ्याची तार आमच्याच दुकानातली होती, ३६ नंबरची इनॅमल तार. पहिल्या वर्षी दिवाळीहून जाताना बॅगेत टाकली होती. प्रयोगशाळेत मागवायची तर कोटेशन, मंजुरी, महिना. आप्पांकडे फळीवर रीळ पडलेलं.

आता चित्र कसं निघतं ते. हिऱ्याची चकती साधारण तीन मिलिमीटर लांब-रुंद, आणि तिच्या एकाच पृष्ठालगत काही मायक्रोमीटर जाडीच्या थरात एनव्ही सेंटर ठासून भरलेली. तो थर खाली करून चकती चिपवर ठेवायची. वरून कॅमेरा. एकेका फ्रिक्वेन्सीला एकेक फोटो, असे शंभरेक फोटो. मग प्रत्येक पिक्सेलची घळ वेगळी काढायची. चिपमधल्या कुठल्या तारेतून करंट जातोय आणि कुठून जायला नको तिथून जातोय, ते नकाशासारखं उमटतं. चिप फोडावी लागत नाही. हिऱ्यात ही केंद्रं चार दिशांना तोंड करून बसलेली असतात, त्यामुळे क्षेत्र किती आहे याच्याबरोबर ते कुठल्या दिशेला आहे हेही निघतं. छर्ऱ्याला ते जमत नाही.

एकाच हिऱ्यात तापमानाचीही खोड आहे. एक अंश तापला की मधली फ्रिक्वेन्सी साधारण ७४ किलोहर्ट्झनं खाली येते. पण तापमानानं दोन्ही घळी एकाच बाजूला सरकतात आणि चुंबकानं उलटसुलट, म्हणून दोन्ही वेगळं करता येतं. पंचेचाळीस अंशांत ओट्यावर बसून हे सांगताना मला स्वतःचीच घळ खाली गेल्यासारखी वाटत होती.

या सगळ्यात मला जो धडा मिळाला तो अंतराचा, आणि तो मिळायला माझे तीन आठवडे गेले.

हिशोब साधा आहे. एका तारेतून एक मिलिअँपिअर करंट जातोय. तिच्यापासून दहा मायक्रोमीटरवर वीस मायक्रोटेस्ला क्षेत्र मिळतं, म्हणजे आपल्याकडच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या जवळपास निम्मं. आपल्याकडे ते ४०-४५ मायक्रोटेस्ला आहे. तेच तुम्ही दोन सेंटिमीटरवर गेलात तर दहा नॅनोटेस्ला उरतं, दोन हजार पटींनी कमी. क्षेत्र घटतं ते घटतंच, शिवाय चित्र फिसकटतं. शेजारशेजारच्या दोन तारांमध्ये दहा मायक्रोमीटर अंतर असेल आणि तुम्ही पन्नासवरून बघत असाल, तर दोन तारांची एकच जाड तार दिसणार. कॅमेरा कितीही महागाचा आणा.

आणि माझं चित्र असंच यायचं. एका कोपऱ्यात तारा सुटसुटीत, दुसऱ्या कोपऱ्याकडे जाता जाता सगळी पिठलं-भाकरी. मी आधी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या, मग लेन्सला, मग स्वतःच्या प्रोग्रॅमला. प्रोग्रॅम दोनदा पहिल्यापासून लिहिला. लिफ्टवरही संशय घेतला, कारण आमच्या इमारतीची लिफ्ट वर-खाली झाली की क्षेत्र खरंच हलतं. (हे दुखणं जुनं आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ पासून अलिबागला न्यावं लागलं. त्या लोकांना निदान अलिबाग मिळालं, मला रात्री दोननंतरची वेळ मिळाली.)

शेवटी एका रात्री फोटोत हिऱ्याच्या कडेला इंद्रधनुषी पट्टे दिसले, पाण्यावर डिझेलचा तवंग असतो तसे. दोन पृष्ठांमध्ये पाचरीसारखी फट असली की असे पट्टे पडतात. ते मोजले. एका टोकाला हिरा चिपला टेकलेला, दुसऱ्या टोकाला वीस-पंचवीस मायक्रोमीटर उचललेला. खाली सोल्डरच्या फ्लक्सचा एक कण होता. माझ्याच हातचा. पुसला, चित्र आलं.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं. माझी अपेक्षा होती की ते म्हणतील, ब्लेडसुद्धा टेकवूनच धरावं लागतं, आणि आमच्या दोघांच्या कामाचं कसं एक नातं वगैरे. ते म्हणाले, "तीन आठवडे? पगार चालू होता का?" दुकानदाराचं लक्ष असंच असतं. वर्तमानपत्रात २०२३ साली राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झाल्याची आणि ६,००३.६५ कोटी रुपयांची बातमी आली होती, तीही त्यांनी कापून ठेवली होती आणि मला फोन करून विचारलं होतं की यातले तुझ्याकडे किती येणार. त्या मिशनमधलं सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईला आहे, हे सांगून मी विषय बदलला होता.

दुसऱ्या दिवशी सुरतहून मावसभाऊ आला. आमच्याकडं प्रत्येक घरातलं कुणीतरी सुरतेत असतंच, कापडात नाहीतर हिऱ्यात. हा लॅबमध्ये हिरे वाढवणाऱ्या कारखान्यात आहे. मिथेन आणि हायड्रोजनच्या वायूतून चकतीवर थरावर थर चढवतात. माझा तुकडा त्यानं चिमट्यात धरला, उजेडाकडं केला आणि चेहरा असा केला की जणू मी त्याला शिळी भाकरी वाढली.

"ताई, याच्यात तर नायट्रोजन शे."

नायट्रोजन किंचित सोडला की हिरा लवकर वाढतो, पण मालाला तपकिरी झाक येते, म्हणून तो जपून सोडतात, असं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, आम्ही तो मुद्दाम घालतो. वर इलेक्ट्रॉनांचा मारा करून जागोजाग कार्बन उडवतो, आणि मग आठशे अंशांच्या आसपास भाजतो म्हणजे रिकाम्या जागा सरकत सरकत नायट्रोजनच्या शेजारी येऊन बसतात. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे चांगला हिरा घ्यायचा आणि बिघडवायचा." मला यावर काही चांगलं उत्तर सुचलं नाही. तेच करतो आम्ही.

चिमट्यावरून आठवलं. गेल्या वर्षी चांगल्यातला एक तुकडा माझ्या चिमट्यातून टिचकीसारखा उडाला. फरशीवर पारदर्शक कचरा कमी नसतो. तासभर गुडघ्यांवर रांगले. मग दिवे बंद केले, डोळ्याला लाल फिल्टर लावला आणि हिरवा टॉर्च टेबलाखाली मारला. कपाटाच्या पायाशी लाल ठिणगी! क्वांटम सेन्सरचा इतका रोकडा उपयोग मी अजून दुसरा केलेला नाही.

हिऱ्याच्या चमकण्याशी आपल्या देशाचं जुनं नातं आहे. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्याकडे हिऱ्यांचा मोठा संग्रह होता, आणि १९४० च्या दशकात त्यांच्या प्रयोगशाळेत अण्णा मणी या संशोधिकेनं तिसाहून अधिक हिऱ्यांचा प्रकाश तपासला. एकेका हिऱ्याचा वर्णपट फोटोच्या काचेवर उमटायला पंधरा-वीस तास लागत. इतकं करूनही एम.एस्सी. नाही म्हणून त्यांना डॉक्टरेट मिळाली नाही. पुढे त्या हवामानखात्यात गेल्या आणि उपकरणांत नाव काढलं. चकाकीच्या घळी शोधत रात्री जागताना मला त्या आठवतात, आणि माझ्या कॅमेऱ्याला एका फोटोला काही मिलिसेकंद पुरतात म्हणून थोडी लाजही वाटते.

हिऱ्यानं चुंबकीय क्षेत्र मोजता येतं हे हार्वर्ड आणि श्टुटगार्ट इथल्या दोन गटांनी २००८ साली दाखवलं. त्यानंतर लोकांनी त्याखाली काय काय धरलं! मायला त्यातले दोन किस्से आवडले. एक जिवंत जिवाणूंचा. चिखलात राहणाऱ्या काही जिवाणूंच्या पोटात चुंबकी लोहखनिजाच्या कणांची माळ असते, तिच्या आधारानं त्यांना दिशा कळते. २०१३ साली हिऱ्याच्या चकतीवर जिवंत जिवाणू ठेवून त्या माळांचं क्षेत्र चित्रात पकडलं. "देवानं त्यांच्या पोटात होकायंत्र घातलं," माय म्हणाली, आणि ते उरलेल्या दिवसात तीन शेजारणींना सांगून झालं.

दुसरा किस्सा दगडाचा. १९४० साली मध्य प्रदेशात सेमरकोना इथं एक उल्का पडली. तिच्यात मिलिमीटरभर मापाचे गोल दाणे आहेत, सूर्यमाला घडत होती त्या काळातले. २०१४ साली त्या दाण्यांमधलं चुंबकत्व मोजून प्रसिद्ध झालं, आणि दाण्याच्या आत ते नेमकं कुठं बसलंय हे बघायला हिऱ्याचा उपयोग केला होता. उत्तर निघालं ५४ मायक्रोटेस्ला, एकवीस इकडे-तिकडे. ग्रह जन्मायच्या आधी, वायू आणि धुळीच्या त्या चकतीत, आज आपल्या अंगणात आहे साधारण तेवढंच चुंबकीय क्षेत्र होतं. मी हे सांगितलं तेव्हा आप्पा भुईमुगाच्या शेंगा फोडत होते आणि त्यांचा हात थांबला.

"दगडनं इतका दिन ध्यानमा ठेवं?"

मग मी ज्या ओट्यावर बसले होते त्यावर हात मारला. काळा दगड, खान्देशात सगळीकडे असतो तसा. धुळे-नंदुरबारकडे गेलं की याच खडकाच्या सरळ रेषेतल्या भिंती माळरानातून मैलोन्‌मैल गेलेल्या दिसतात. जमिनीच्या भेगांत शिरून थिजलेला लाव्हा तो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थिजताना त्यातल्या लोहखनिजानं त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवली. त्यातल्या बऱ्याच थरांत उत्तर-दक्षिण आजच्या उलट आहे, कारण तेव्हा पृथ्वीचं चुंबकच उलटं होतं. आणि ती धरून ठेवलेली दिशा किती कललेली आहे त्यावरून कळलं की लाव्हा वाहिला तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. माझ्या आजीनं ज्यावर पापड वाळवले तो ओटा विषुववृत्त ओलांडून आलेला आहे. मला पुढं कधीतरी याच दगडाची पातळ चकती घासून हिऱ्याखाली धरायची आहे. माझ्या प्रबंधात ते बसत नाही. बघू.

आप्पांचा शेवटचा प्रश्न मात्र मी टाळत होते तोच आला. एवढा सगळा हिरा, मग जळालेल्या मोटारीतली नेमकी कुठली कॉइल गेली हे न उघडता सांगेल का?

नाही. खरं सांगितलं. मोटारीतल्या लोखंडात टेस्लाच्या घरातलं क्षेत्र असतं. हिऱ्यावर तिरकं क्षेत्र दहा मिलिटेस्लाच्या वर गेलं की शून्य आणि अधिक-उणे एक एकमेकांत कालवली जातात, सगळेच चाळीसगावला उतरायला लागतात, आणि घळ पुसट होत जाते. शिवाय लोखंडी बॉडीच्या बाहेरून तुम्ही कॉइलपासून पाच-सहा सेंटिमीटर लांब. पन्नास मायक्रोमीटरवर माझं काय होतं ते सांगितलंच. चालू वायरीला गळ्यात धरून करंट मोजणारा तुमचा टाँग टेस्टर यापेक्षा कामाचा.

आप्पा खूश झाले. इतके की मला जरा रागच आला.

निघायच्या दिवशी दुकानात पाच एचपीचा मोनोब्लॉक पंप आला होता, धरणगावकडच्या एका शेतकऱ्याचा. आप्पांनी वाइंडिंग भरून ठेवलं होतं. मला म्हणाले, छर्रा तू सोड. सोडला. अर्धा फेरा मारून अडखळला. आप्पांनी कनेक्शन बघितली, एक जोड उलटा होता, आणि तो त्यांच्याच हातचा. काही न बोलता सोडवून परत जोडला. दुसऱ्यांदा फिरला.

मी फळीवरून ३६ नंबरचं रीळ उचललं आणि पिशवीत टाकलं. आप्पांनी गल्ल्याजवळची उधारीची वही ओढली, चष्मा लावला आणि लिहिलं: मुंबई, हिरेवाली, तार ३६ नंबर, १०० ग्रॅम, बाकी.